ब्लूबेरी मी लिहिणार नाही

धनलक्ष्मी पतंगे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा दारूच्या दुकानापुढं रांगेत उभी राहिली, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अंगावर हिरवी सुती साडी, खांद्याला भाजीची पिशवी, हातात एक कागद. रांगेत सगळे पुरुष. तिला बघून पुढच्या दोघांनी घाईघाईनं बाजूला होऊन वाट करून दिली. ती जागची हलली नाही.

"रांग आहे की," ती म्हणाली. आधी कन्नडात, आणि ते नुसतेच बघत राहिले म्हणून मग हिंदीत.

तिची पाळी आली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "यारिगे, मेडम?" म्हणजे, कुणासाठी?

"ननगे," ती म्हणाली. माझ्यासाठी.

तिनं कागदावरचं नाव वाचून दाखवलं. दोड्डबळ्ळापूरच्या पुढं बनणारी एक तांबडी वाइन, मोठी बाटली. माणूस सवयीनं ती वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला, तर हिनं हात पुढं केला. "तशीच दे." पिशवीतसुद्धा घातली नाही. बाटली हातात धरून, बसगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत ती बेंगळूरुच्या चामराजपेटमधल्या आमच्या क्रॉसपर्यंत, म्हणजे गल्लीपर्यंत, चालत आली. वाटेत तिच्या समाजाच्या मंडळातले दोघं भेटले. त्यांना तिनं नेहमीसारखा नमस्कार केला. एकाच हातानं, कारण दुसरा मोकळा नव्हता.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. त्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, म्हणून तिचं येणं पाहिलं. बाकीचं तिनं नंतर सांगितलं. पुण्याहून नोकरीसाठी येऊन मला इथं सहा वर्षं झाली. गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही.

पतंग्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेचे तंबू शिवायला इकडं आलं आणि परत गेलंच नाही, असं त्यांच्या घरात सांगतात. खरंखोटं कोण बघायला गेलंय! पण अक्काच्या वडिलांपर्यंत घरात शिलाईचंच काम होतं. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी, आणि तिच्यात कन्नड मीठ विरघळावं तशी विरघळलेली. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी, ये आता' म्हणजे बरं, ये आता, असं चालतं. मला एकदा म्हणाली, "तुझी मराठी पेपरातली गं. आमची तव्यावरची."

अक्का शिवणाला बसली नाही. बी.कॉम. झाली आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. सत्त्याण्णव साली त्या कारखान्यात जपानहून मशिनं आली. मशिनांबरोबर दोन इंजिनिअर आले आणि खोकंभर पुस्तकं आली. इंजिनिअर चार महिन्यांनी परत गेले, पुस्तकं राहिली. मशीन बंद पडलं की सगळे त्या पुस्तकांभोवती गोळा व्हायचे आणि चित्रं बघून अंदाज बांधायचे. अक्कानं साहेबांना विचारलं, "ही भाषा शिकता येत नाही का?" साहेब हसले.

"तो हसला म्हणून शिकले," ती आजही सांगते.

सहा वर्षं कामावरून सुटल्यावर क्लास केला. परीक्षा देत देत वरच्या पायरीपर्यंत गेली. लग्न राहिलं, त्याबद्दल कुणी विचारलं तर "वेळ कुठं होता" एवढंच म्हणते. पुढं वीसेक वर्षं त्या कारखान्यातला एकेक जपानी कागद तिच्या हातून गेला. मग फोन आले. पोरं फोन पानावर धरायची आणि अक्षरं इंग्रजीत उमटायची. तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं तिला निरोपाचा हार घातला. तिनं तो काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की सैल बसलेला भाग खुळखुळतो त्याला जपानी कामगार 'गाता' म्हणतात. तुमच्या फोनला विचारा. कुणीतरी विचारलंही. फोननं तो शब्द तसाच ठेवला आणि पुढं गेला. साहेबांनी टाळ्या वाजवून कार्यक्रम संपवला.

त्यानंतर ती घरूनच भाषांतरं करायला लागली. जयनगरात अभिजीत नावाच्या चौतिशीतल्या मुलाची भाषांतराची एजन्सी आहे. तो मूळचा पुण्याचा, वागायला गोड. हाताखाली अकरा माणसं आणि डोक्यावर कायम कुठलीतरी तारीख. मे महिन्याच्या शेवटी त्यानं अक्काला एक कागद पाठवला. दोड्डबळ्ळापूरकडच्या त्या वाइन कंपनीचा माल जपानला जाणार होता. वाइनची चव कशी आहे ते इंग्रजीत अर्ध्या पानावर लिहिलं होतं, त्याचं जपानी करायचं होतं. ड्राय. रचना घट्ट. टॅनिन ठसठशीत. ब्लॅककरंट. जंगलातली जमीन. शेवट लांबलेला. अशी सगळी भाषा.

अक्कानं तो कागद दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी अभिजीतला फोन लावला.

"मला बाटली लागेल."

"बाटली? कशाला, मॅडम?"

"चव बघायला."

"मॅडम, आपल्याला वाइन ट्रान्सलेट नाही करायचीये, नोट करायचीये. ब्लॅककरंटला ते कासिस म्हणतात, कुठल्याही वेबसाइटवर मिळेल. जे अडेल ते इंग्रजीच त्यांच्या लिपीत लिहून टाका. त्यांना सवय असते."

"बेअरिंगचं पुस्तक करताना मी बेअरिंग हातात घेऊन बसायचे."

"बेअरिंग पिता येत नाही, मॅडम," तो हसून म्हणाला.

पुन्हा कुणीतरी हसलं होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती रांगेत उभी होती.

बाटली घरी येऊन तीन तास झाले नाहीत तोवर तिचे थोरले भाऊ विठोजी जयनगराहून आले. बँकेतून निवृत्त झालेले, समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी. पुढच्या रविवारी मंडळ पाच बायकांचा सत्कार करणार होतं आणि त्यात अक्काचं नाव होतं: आपल्या समाजात जपानी शिकलेली पहिली बाई म्हणून.

आमच्या जिन्यापर्यंत आवाज येत होता.

"धना, लोकांनी काय म्हणायचं? बाटली हातात घेऊन रस्त्यानं?"

"पिशवीत घातली असती तर चाललं असतं का, अण्णा?"

"सांगायचं तरी नीट. खाण्याच्या वस्तूंचं भाषांतर करते म्हणून सांग. मी मंडळाला समजावतो."

"खाण्याची वस्तू नाही ती. द्राक्षाची दारू आहे. दारूच सांगणार."

"मग नाव काढावं लागेल."

"काढ की."

ते कॉफी न घेता गेले. नाव निघालं. सत्कार चार बायकांचा झाला. त्या रविवारी अक्का पिवळ्या काठाची साडी नेसून सभागृहात गेली, पहिल्या ओळीत बसली आणि चौघींसाठी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवून आली. विठोजी तिच्याकडं बघत नव्हते. "मी बघत होते की त्याच्याकडं," ती म्हणाली.

पण हे रविवारचं झालं. बाटली त्याआधीच उघडली होती. अण्णा गेल्यावर तिनं जिन्यातून मला हाक मारली.

"तुला सवय असेल. कसं पितात ते दाखव."

मला सवय म्हणजे ऑफिसच्या पार्टीत घेतलेले दोन-तीन ग्लास. मी काचेचा ग्लास घेऊन खाली गेले. तिनं तो नको म्हटलं आणि फडताळातून स्टीलचा पेला काढला. आधी वास घेतला, बराच वेळ. मग घोट. तोंड वाकडं केलं, गिळला, आणि लगेच पेन उचललं.

"तुरट," ती म्हणाली. "कन्नडात ओगरु, आमच्यात तुरट, जपानीत शिबुई. तिन्ही शब्द लहान लेकरांना येतात. आणि या कागदावर बघ, तुरट म्हणायला रसायनाचं नाव घ्यावं लागतं. टॅनिन म्हणे!"

दुसरा घोट. 'शेवट लांबलेला' याला जपानीत योइन हा शब्द आहे म्हणाली. घंटेचा टोला थांबल्यावर कानात राहतं ते. तो तिला फार आवडला. 'रचना घट्ट' यापाशी ती जरा थबकली आणि कारखान्यातला शब्द टाकून मोकळी झाली: गाता नाही, कुठं खुळखुळत नाही. मग ब्लॅककरंटपाशी आली आणि अडली. तिसरा घोट घेतला. जीभ टाळूला लावून बसून राहिली.

"हे करंट मी पाहिलेलं नाही. तू पाहिलंस?"

"नाही. जॅममध्ये असेल कधी खाल्लं."

"पण हे मला ओळखीचं आहे. नेरळे हण्णू आहे हे."

जांभूळ. तिनं नाव घेतल्यावर मीही पेल्यात नाक घातलं, आणि खरंच, मला दुसरा कसलाच वास येईना. पिकून जमिनीवर पडलेल्या जांभळाचा तो गोड, जाडसर वास, आणि मागून जिभेला बसणारा तुरटपणा.

आता जांभळाला जपानीत काय म्हणायचं? तिनं कोश काढला. सापडलं: मुरासाकी-फुतोमोमो. वाचून ती इतकी हसली की पेला कलंडता कलंडता राहिला. मुरासाकी म्हणजे जांभळा रंग. फुतोमोमो हे त्या जातीच्या झाडाचं नाव, पण कानाला तो मांडीच्या जपानी शब्दासारखाच लागतो.

"जांभळी मांडी! बाटलीवर लिहू काय, वाइनला जांभळ्या मांडीचा वास येतो म्हणून?"

मग तिनं ठरवलं, नाव आपलंच लिहायचं. नेरळे. जपानी तोंडाला ळ जमत नाही म्हणून नेरारे.

"जांभूळ का नाही?" मी विचारलं. माझ्यातली पुणेकरीण जरा दुखावली होती.

"झाड कुणाच्या मातीत उभं आहे? आम्ही चारशे वर्षं इथलं पाणी पितो. फळाला इथलंच नाव."

ती मनमानी करणारी नव्हती. भाषांतरात तिनं कासिस असंच ठेवलं आणि वेगळ्या कागदावर अभिजीतला लिहिलं, की कंपनीला विचार, इथं नेरळे चालेल का. अभिजीतचा फोन चार दिवसांनी आला. ती भाजी चिरत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला. मी वीजबिल द्यायला खाली गेले होते, ती तिथंच थांबले.

"मॅडम, हे काय आहे? आम्ही तुमचं जपानी मशीनमधून परत इंग्रजीत घालून बघितलं. 'तिखट तोंड' येतंय! वाइन तिखट आहे का?"

"काराकुची," अक्का शांतपणे म्हणाली. "अक्षरं सुटी केली तर तिखट तोंड होतं. पण जपानी माणूस गोड नसलेल्या दारूला काराकुचीच म्हणतो. त्यांच्या तांदळाच्या दारूवर हाच शब्द असतो. ड्राय म्हणजे गोड नाही, एवढंच."

"मला मान्य आहे हो. पण क्लायंटनं पण असंच चेक केलं तर मी काय उत्तर देणार? मी ते कावाइता केलंय. ड्राय म्हणजे ड्राय."

अक्काची सुरी थांबली. "कावाइता म्हणजे वाळलेलं. कपडे वाळतात. पापड वाळतात. वाइन वाळली तर बाटलीत काय राहणार, अभिजीत?"

"मॅडम, प्लीज. आज पाठवायचंय."

"आणि नेरळेचं विचारलंस?"

"नाही विचारलं. असल्या गोष्टी विचारल्या की क्लायंटला वाटतं आपल्याला येत नाही."

"सरी. मग त्या कागदावर माझं नाव घालू नकोस."

"नाव तसंही नसतंच, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. जे होतं ते त्यानं सांगितलं.

अक्कानं फोन ठेवला. राहिलेली भाजी चिरून संपवली. मग मला विचारलं, "दोड्डबळ्ळापूरची बस मॅजेस्टिकच्या स्टँडवरून किती वाजता असते?"

एजन्सीच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं, भाषांतर करणाऱ्यानं कंपनीशी थेट बोलायचं नाही. तिनं त्यावर सही केली होती. ते माहीत असूनच ती निघाली. मी रजा टाकली, कारण मला ते बघायचं होतं.

बसमधून उतरून रिक्षानं पुढं गेलो. द्राक्षांचे मांडव, मागं पत्र्याची लांब इमारत, दारात रखवालदार. अक्कानं त्याला सांगितलं, जपानच्या कामासाठी आले आहे. अगदी खरं होतं ते. आतून पस्तीस-छत्तीस वर्षांचा एक माणूस आला. यशोवर्धन त्याचं नाव. वाइन त्यानंच बनवलेली आणि तो इंग्रजी कागदही त्यानंच लिहिलेला. आजोबा बेळगावकडचे, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालणारं.

"एजन्सीनं पाठवलं का तुम्हाला, काकू?"

"नाही. एजन्सीला कळलं तर मला काढून टाकतील. म्हणून आधी ऐकून घ्या."

त्यानं ऐकून घेतलं. आम्हाला चव घ्यायच्या खोलीत नेलं, तीन ग्लासांत तीच वाइन ओतली. ग्लास कसा फिरवायचा ते दाखवलं आणि घोट थुंकायला एक भांडं पुढं सरकवलं. अक्कानं ते परत त्याच्याकडं ढकललं.

"दिलेलं थुंकायची रीत नाही आमच्यात." एक घोट घेऊन तिनं विचारलं, "तुम्ही हे ब्लॅककरंट खाल्लंय?"

"खरं सांगू? परदेशात कोर्सला होतो तेव्हा छोट्या बाटल्यांची एक पेटी असायची. एकेका बाटलीत एकेक वास. ब्लॅककरंट मी तिथं शिकलो."

"आणि नेरळे?"

"नेरळे?" तो हसला. "शाळेच्या आवारात झाड होतं. शर्टावर डाग पाडून यायचो. आई मारायची."

"मग या कागदावर नाक कुणाचं आहे? तुमचं की पेटीचं?"

त्यानं ग्लास नाकाशी नेला. मग म्हणाला, "काकू, पण जग ब्लॅककरंट म्हणतं."

"मग जगाला सांगा की."

तो एकदम विरघळला वगैरे नाही. धंद्याचा माणूस. एजन्सीचं भाषांतर सकाळीच त्याच्याकडं येऊन पडलं होतं, जपानला अजून गेलं नव्हतं. "मला जपानी येत नाही," तो म्हणाला. "ते एक सांगतात, तुम्ही एक सांगता. कुणावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर ठेवू नका. दोन्ही कागद पाठवा त्या जपानी लोकांना. खाली कुणाचंच नाव घालू नका. त्यांना ठरवू दे."

हे मात्र त्याला पटलं. आमच्यासमोरच त्यानं दोन्ही पाठवले. अक्काच्या कागदात कासिस खोडून नेरारे घातलं, आणि ते घालायला परवानगी त्यानंच दिली.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. वाइन मागवणाऱ्या बाई कोबे शहरातल्या, नाव कुनिएदा. त्यांनी यशोवर्धनला मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की एका कागदावर तुमची वाइन वाळलेली आहे असं म्हटलंय, ते काय आहे कळलं नाही. दुसरा कागद माणसानं लिहिलेला आहे. त्या माणसाशी मला भांडायचंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी येते आहे, तेव्हा त्याला बोलावून ठेवा.

"भांडायचंय म्हणून लिहिलंय?" अक्कानं मला दोनदा विचारलं. फार खूश झाली.

कुनिएदाबाई साठीच्या आसपासच्या, बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले. त्या आल्या त्या दिवशी मी आणि अक्का पुन्हा यशोवर्धनकडं गेलो; अक्कानं वाटेत मार्केटमधून अर्धा किलो जांभळं घेतली होती, मिठाची पुडीसुद्धा. अक्का आणि कुनिएदाबाई टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. मधे कागद. बोलणं सगळं जपानीत, अक्का मधूनमधून आम्हाला मराठीत सांगायची.

पहिला वार कुनिएदाबाईंनी केला. 'गाता नाही' या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं आणि मोठ्यानं हसल्या. अक्काचे कान लाल झाले.

"म्हणतात, ही वाइन आहे की गिअरबॉक्स? जपानी कुणाकडून शिकलात?" मग जपानीत त्यांना उत्तर देऊन आम्हाला म्हणाली, "सांगितलं, मशीनवाल्यांकडून शिकले. शब्द चुकला. तो बदला."

चुकलं तिथं चुकलं म्हणायला तिला मिनिटसुद्धा लागलं नाही. शिबुई राहिला, योइन राहिला. काराकुचीबद्दल तर बाईंना बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. मग त्या नेरारेपाशी आल्या.

त्यांचं म्हणणं असं, की हा शब्द जपानात कुणाला माहीत नाही. गिऱ्हाईक हॉटेलात विचारणार, हे नेरारे काय आहे? वाढणाऱ्यानं किती समजावत बसायचं? त्यापेक्षा ब्लूबेरीसारखा वास, असं लिहावं. सगळ्यांना कळतं.

अक्का म्हणाली, "ब्लूबेरी मी लिहिणार नाही." आधी आम्हाला मराठीत म्हणाली, मग वळून त्यांना जपानीत.

कुनिएदाबाईंनी काहीतरी समजावलं. अक्कानं मान हलवली. "ब्लूबेरीत तुरटपणा कुठं आहे? ओळच काढून टाका, मला चालेल. पण नसलेलं फळ घालू नका."

मग तिनं पुडी सोडली, जांभळं बशीत ओतली, वर मीठ भुरभुरलं आणि बशी पुढं केली. कुनिएदाबाईंनी एक खाल्लं. बी हातात घेऊन बघितली. दुसरं खाल्लं, ग्लास उचलून घोट घेतला, आणि तिसरं खाल्लं. मग अक्का बोलली, आणि ते तिनं आम्हाला नंतर सांगितलं.

"मी विचारलं, तुमच्याकडं कासिस पहिल्यांदा आला तेव्हा तो कुणाला ठाऊक होता? तेव्हा वाढणाऱ्यांना समजवायला वेळ होता का? तर म्हणाल्या, ती फ्रान्सची वाइन होती म्हणून लोकांनी फ्रान्सचा शब्द शिकला. मी म्हटलं, बरोबर. ही कर्नाटकची आहे."

त्यावर कुनिएदाबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं आणि एक वाक्य टाकलं. अक्का हसली.

"काय म्हणाल्या?" यशोवर्धननं काळजीनं विचारलं.

"म्हणाल्या, तुम्ही अवघड बाई आहात."

तासभर घासाघीस चालली. बाईंना नेरारेच्या पुढं कंसात कासिस हवं होतं. अक्का कंसाला तयार नव्हती. कंसात कासिस आलं की नेरारेच उपरं ठरतं, म्हणाली. शेवटी नेरारे तसंच राहिलं आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: भारतातलं गडद जांभळ्या रंगाचं फळ, गोड आणि तुरट. निघताना कुनिएदाबाईंनी उरलेली जांभळं मागून घेतली. त्यांची जीभ जांभळी झाली होती आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही.

अभिजीतच्या एजन्सीचं पत्र आठवड्याभरात आलं. करार मोडल्याबद्दल तुमचं नाव यादीतून काढत आहोत. शहरातल्या आणखी दोन एजन्सींनीही त्यानंतर तिला काम दिलं नाही. अशा बातम्या पसरायला वेळ लागत नाही. पावसाळाभर तिच्याकडं काम जवळजवळ नव्हतं. तिला ते लागलं, नाही असं नाही. दोन-तीनदा मी खाली गेले तेव्हा ती रिकाम्या टेबलापाशी नुसती बसलेली होती. पण पश्चात्ताप होतो का असं मी विचारलं, तेव्हा माझ्यावरच उखडली. "करारावर सही मी केली, मोडलाही मीच. त्याचं जे व्हायचं ते होईल. वाळलेली वाइन लिहून नाव टिकवायचं होतं काय?"

विठोजी अजून घरी येत नाहीत. दसऱ्याला त्यांच्या मुलीच्या हातून फराळाचा डबा आला. अक्कानं डबा ठेवून घेतला आणि रिकामा परत पाठवायचा नसतो म्हणून त्यात जपानी मिठाई भरून पाठवली. त्यावर काय बोलणं झालं ते कळलं नाही.

दिवाळीच्या आधी यशोवर्धन स्वतः चामराजपेटला आला. त्यानं आपल्या चारही वाइनचे कागद पहिल्यापासून नवे लिहिले होते, पेटी बाजूला ठेवून. काकू, जपानी तुम्हीच करायचं आणि खाली तुमचं नाव घालायचं, असं त्यानं सांगितलं. नाव बारीक अक्षरांत येतं. पण येतं: अनुवाद, धनलक्ष्मी पतंगे, बेंगळूरु. त्या अक्षरांकडं ती चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

सध्या नवीन लढाई चालू आहे. एका वाइनला कढीपत्त्याचा वास येतो असं यशोवर्धननं लिहिलं. अक्कानं जपानीत करिबेवु असा कन्नड शब्दच घातला. कोबेहून कुनिएदाबाईंचं उत्तर आलं, की त्याला आमच्याकडं करी-लीफ म्हणतात, तेच लिहा. अक्काचं म्हणणं, करी म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढं भातावरची घट्ट तपकिरी करी येते, आणि वाइन तिथंच मेली. चार पानी पत्र तयार झालंय. काल तिनं मला खाली बोलावून त्याची सुरुवात वाचून दाखवली. जपानीत फार नम्र वाटली. बरंच वाकून, घोळवून बोलल्यासारखी. मी म्हटलं, "मराठीत सांग की."

तिनं चष्मा वर सरकवला. "आपल्या पत्राबद्दल मनापासून आभार. आपण चुकत आहात."